कासवाचे आवार

कासव हा मराठी माणसाच्या ओळखीचा प्राणी. देवळात पाऊल टाकले की देवासमोर फरशीत कोरलेले दगडी कासव दिसते आणि त्याच्या पाठीला हात लावल्यावाचून आपण गाभाऱ्याकडे वळत नाही. दशावतारात दुसरा मान कूर्माचा आहे. गीतेने स्थितप्रज्ञास उपमा दिली तीही कासवाचीच. माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले, आड खणले, आणि पाणी निर्मळ राहावे म्हणून कित्येकांनी त्या आडात एखादे कासव सोडले. असे आडातले कासव पाहिलेली वडीलधारी मंडळी आजही कन्नौद, देवास, धार या बाजूस भेटतील. कासव पाळणे ही गोष्ट आपणांस परकी वाटत नाही, याचे कारण हे जुने नाते होय.

आता हे नाते निराळ्या वाटेने घरात शिरू लागले आहे. एका वाचकभगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या नातवाने सहा वर्षांपूर्वी शहरातून तळहातावर मावेल एवढे कासव आणले. ते घरात लक्ष्मी आणते, असे दुकानदाराने सांगितले होते. आज ते परातीएवढे झाले आहे. गच्चीवर ठेवलेल्या टबात ते मावत नाही आणि रात्रभर भिंतीला धडका देते. बाईंनी विचारले आहे, "मागल्या परसात त्यास एक बांधीव जागा करून द्यावी असे घरात सर्वांच्या मनात आहे. ती कशी असावी, हे कृपा करून लिहावे." प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर केवळ विटा आणि मुरूम यांच्यात संपत नाही. म्हणून या वेळचे सदर त्यासच वाहिले आहे.

प्रथम हे ठरविले पाहिजे की घरातले कासव कोणते. मराठीत आपण सर्वांना कासव म्हणतो, परंतु पाण्यात राहणारे कासव आणि केवळ जमिनीवर राहणारे कासव हे दोन निराळे संसार आहेत. पाणकासवाच्या बोटांना पडदे असतात, पाठ चपटी असते. भूकासवाची पाठ घुमटासारखी उंच आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबवजा असतात. भूकासवास पोहता येत नाही. त्यास आडात किंवा हौदात सोडणे म्हणजे बुडविणे होय. जुन्या आडाची आठवण मनात ठेवून कोणी चांगल्या बुद्धीने असे करील, म्हणून हा भेद मुद्दाम सांगितला.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशातली रानटी कासवे धरणे, विकणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात माळव्याच्या नाल्याओढ्यांतून मऊ पाठीचे पाणकासव रस्त्यावर येते आणि एखादा विद्यार्थी ते दप्तराच्या पिशवीत घालून शाळेत आणतो. त्या मुलास रागे न भरता, जेथून आणले त्याच नाल्यावर ते सोडावयास लावणे, हाच खरा पाठ. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले जे कासव स्टार कासव म्हणून शुभ मानून विकले जाते, तेही आपलेच. गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडील आंध्र व तामिळनाडू आणि श्रीलंका ही त्याची घरे. त्याची चोरटी निर्यात इतकी वाढली की २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारात त्यास सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घालावे लागले. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही ते पहिल्या अनुसूचीत आले. या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षे कारावास आणि निदान २५,००० रुपये दंड आहे. घरातले कासव असे असेल, तर त्याच्या आवाराचा आराखडा काढण्याचे कारण उरत नाही. ते वनमंडलाच्या कार्यालयात नेऊन देणे हाच एक मार्ग.

बाईंनी पत्रात केलेल्या वर्णनावरून त्यांचे कासव आफ्रिकेतले दिसते. वाळूच्या रंगाची पाठ, पुढच्या पायांवर जाड खवल्यांचे काटे, मांडीवर दोन्ही बाजूंस टोकदार उंचवटे. व्यापारात त्यास सुलकाटा म्हणतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगलपासून सुदान आणि इथिओपियापर्यंत जो कोरडा पट्टा पसरला आहे, तो त्याचा मुलूख. अशा विदेशी प्राण्यांची नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत काढले. परिवेश नावाच्या सरकारी व्यवस्थेवर मालकाने नोंद करावयाची. प्राण्यास पिले झाली, तो दुसऱ्यास दिला अथवा मेला, तर तेही कळवावयाचे. बाईंनी विटांची गाडी मागविण्यापूर्वी आपल्या कासवाची नोंद झाली आहे की नाही हे वनमंडल कार्यालयात विचारून घ्यावे. कागद नसेल तर लपवून ठेवण्यापेक्षा विचारलेले बरे.

आता त्याची वाढ ध्यानी घ्यावी. अंड्यातून निघते तेव्हा ते दोन इंचांचे असते. पूर्ण वाढलेला नर अडीच फूट लांब आणि पन्नास किलोच्या वर जातो. काही तर शंभर किलोपर्यंत पोहोचतात. गालापागोस आणि अल्दाब्रा या बेटांवरील महाकाय कासवे सोडली, तर जगात याहून मोठे भूकासव नाही. तेव्हा आज परातीएवढे आहे म्हणून परातीच्या मापाने जागा आखू नये. बैलाचा गोठा कोणी वासराच्या मापाने बांधीत नाही.

जागा निदान तीस फूट लांब आणि तीस फूट रुंद असावी. ती दिवसभरात पुष्कळ उन्हाची असावी, कारण उन्हावाचून कासवाचे हाड आणि पाठ घट्ट होत नाही. मात्र एका बाजूस झाडाची गर्द सावलीही हवी. भर वैशाखात उघड्या जागी सापडलेले कासव दुपारच्या आत दगावू शकते.

भिंत भरीव असावी. तारेची जाळी लावू नये. पलीकडचे दिसले की कासव तेथे जावयाचेच असे ठरविते आणि जाळी वाकेपर्यंत रेटते. गळ्याखालच्या कवचाचे पुढे आलेले टोक नर मुसळासारखे वापरतो. जमिनीवर अडीच फूट भिंत पुरे होते. खरे काम जमिनीखाली आहे. हा प्राणी जन्मजात खणणारा आहे. आपल्या देशी तो उन्हापासून बचाव करण्यासाठी पुरुषभर आणि त्याहून खोल बिळे करतो. म्हणून पाया दोन फूट तरी खाली न्यावा आणि आतल्या बाजूने भिंतीलगत दोन फूट रुंदीची फरशीची पट्टी टाकावी, म्हणजे भिंतीच्या मुळाशी खणणे त्यास साधत नाही. कोपरे काटकोनी न ठेवता गोल करावेत. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचा आधार घेऊन कासव चढू पाहते आणि उताणे पडते. उताणे पडलेले जड कासव उन्हात राहिले तर त्याचा जीव जातो. दाराचा उंबरा पक्का असावा आणि कडी बाहेरून असावी.

येथवरचे कोठेही लागू पडेल. यापुढे आमच्या माळव्याची गोष्ट आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला कासवाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. फुगणाऱ्या मातीवर उभारलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते हे येथल्या प्रत्येक गवंड्यास ठाऊक आहे. म्हणून पायाचा चर मुरूम लागेपर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर चरातली काळी माती काढून त्यात मुरूम ठोकून भरावा. आवारातही एका भागात मुरूम आणि रेताड मातीचा ऐसपैस ओटा करावा आणि सगळ्या जमिनीस एकीकडे उतार देऊन पाणी बाहेर काढणारी नाली ठेवावी. आफ्रिकेत हे कासव जमिनीच्या पोटात सुखी असते. आमच्याकडे काळ्या मातीतले बीळ श्रावणात पाण्याने भरते आणि ढासळते. जे त्याच्या देशी खाली शोधावयाचे, ते येथे आपण त्यास वर उचलून दिले पाहिजे.

म्हणून त्याचे घर ओट्यावर असावे. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट उंच. भिंती जाड विटांच्या, तोंड पूर्वेस, तळ आवारापेक्षा निदान नऊ इंच उंच आणि चढावयास हलका उतार. छप्पर असे असावे की माणसास ते उचलून आत हात घालता येईल. खाली कोरडे गवत अंथरावे. हे कासव शीतनिद्रा घेत नाही. पौषात येथे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा गारवा आणि ओल एकत्र झाली की त्याचे नाक वाहू लागते, श्वास घरघरतो आणि पुढे फुप्फुसाचा विकार जडतो. आतली हवा रात्रीही पंधरा अंशांखाली जाऊ देऊ नये. त्यासाठी जाळीच्या पिंजऱ्यात बंदिस्त असे विजेचे उष्णतादायक उपकरण छताला टांगावे. गवताजवळ उघडा दिवा किंवा शेगडी कदापि ठेवू नये. वीज गेली तरी उष्णता टिकावी म्हणून जाड भिंत, दाराला जड पडदा आणि छपराखाली गवताचा थर ही तजवीज आधीच असावी. घरास लागून पत्र्याची एक लहान पडवी काढावी, म्हणजे चार महिने पावसातही त्यास चिखलावाचून पाय मोकळे करता येतील.

पाण्यासाठी उथळ परळ जमिनीत बसवावे. पाणी कासवाच्या हनुवटीच्या वर नसावे आणि ते रोज बदलावे, कारण त्यातच ते बसते आणि त्यातच घाण करते. आवारात हरळी लावावी. गणपतीस दूर्वा वाहणाऱ्या घरात ती असतेच. गवत हेच याचे मुख्य अन्न. जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला आणि काटे काढलेले नागफणीचे तुकडे चालतात. परंतु देवपूजेसाठी परसात हौसेने लावलेली पांढरी-तांबडी कण्हेर विषारी आहे. रुई, धोतरा, एरंड आणि घाणेरी यांचेही तेच. आवारातून आणि फांदी झुकेल इतक्या अंतरातून ही झाडे काढून टाकावीत. सोयाबीनवर फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे गवत कापून आणू नये.

खाण्याविषयी एक गोष्ट आमच्या आजीमंडळींस सांगावयाची आहे. कासव देवाचे म्हणून त्यास दूधभात, पोळी, पेढा किंवा भिजवलेली डाळ देऊ नये. या प्राण्याचे पोट चाऱ्यासाठी घडले आहे. असे जड अन्न आणि लहानपणची कोरडी कोंडलेली हवा यांनी त्याची पाठ सपाट न वाढता खवल्याखवल्यांचे मनोरे होतात आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. चुन्याचा अंश हवा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा एक तुकडा आवारात टाकावा. ते हवे तेव्हा कुरतडते. नैवेद्य देवास दाखवावा आणि कासवास गवत घालावे.

पिले असतील तर त्यांवर जाळीचे छत हवे, कारण कावळा, घार, मुंगूस हे सारेच टपलेले असतात. मोठ्या कासवासही मोकाट कुत्र्यांपासून जपावे लागते. दोन नर एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांस उलथेपर्यंत झुंजतात. प्लास्टिकचा तुकडा, रंगीत दोरा, खिळा काही जमिनीवर राहू देऊ नये. रंग दिसला की तोंड लावावयाचे हा त्याचा स्वभाव आहे.

हे सर्व वाचून बाई म्हणतील, एवढे आम्ही करू. माळव्यातल्या जुन्या घरांस परसाची वाण नाही आणि हाताशी गवंडीही आहे. परंतु आराखड्यातली सर्वांत अवघड रेघ अजून ओढावयाची आहे. ती लांबीरुंदीची नसून काळाची आहे.

हे कासव सत्तर वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकते. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे अल्दाब्रा जातीचे कासव होते. ते मुळात रॉबर्ट क्लाइव्हच्या बराकपूरच्या बागेतले, असे सांगतात. क्लाइव्ह १७७४ साली वारला. अद्वैतचे खरे वय सिद्ध झालेले नाही, परंतु १८७० च्या दशकात त्यास बराकपूरहून अलिपूरला आणले आणि ते २००६ च्या मार्चमध्ये मेले, एवढ्यावरूनही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होतो. त्या अवधीत कोलकाता राजधानी राहिली नाही, इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला. कासव मात्र आपल्या आवारात गवत खात होते. ते टिकले याचे कारण व्यक्ती गेली तरी संस्था राहिली. उद्या कोण चारा घालणार हा प्रश्न तेथे कोणा एका घराचा नव्हता.

घरगुती कासवाचे उदाहरण इंग्लंडातले आहे. निसर्गाच्या नोंदी ठेवणारे गिल्बर्ट व्हाइट यांच्या आत्याकडे टिमथी नावाचे कासव होते. १७८० साली आत्या वारल्या तेव्हा व्हाइट यांनी ते घोडागाडीतून आपल्या सेलबोर्न गावी नेले. एकदा फाटकातून ते निसटले आणि काही दिवस सापडले नाही. व्हाइट १७९३ मध्ये वारले, टिमथी त्यांच्यामागून १७९४ मध्ये. आत्या गेल्या तेव्हा भाचा होता, म्हणून ते कासव निभावले. आपल्या घरात तो भाचा कोण, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावयाचे आहे.

हा प्रश्न आपल्या समाजास अधिक टोचतो. कन्नौदची मुले इंदूरला जातात, इंदूरची पुण्यास, पुण्याची परदेशी. मागे राहिलेले आजी-आजोबा वाड्याचे दार सांभाळतात आणि एके दिवशी वाडा विकला जातो. आड बुजतो, परसात इमारत उभी राहते. देव्हाऱ्यातले देव पेटीत घालून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेता येतात. पन्नास किलोचे कासव नेता येत नाही. मग कोणी म्हणतो, जवळच खिवनीचे अभयारण्य आहे, तेथे सोडून द्यावे. हे करू नये. परदेशी प्राणी आपल्या रानात सोडला तर तो पहिल्या पावसाळ्यात कुढून मरतो, अथवा जगला तर तेथील प्राण्यांत परके रोग पसरवू शकतो. अभयारण्यात असे काही सोडणे कायद्यालाही धरून नाही.

तेव्हा आराखड्याच्या कागदाखाली एक ओळ लिहावी आणि तिच्यावर घरातल्या तीन पिढ्यांनी सह्या कराव्यात. आमच्या मागे हे कासव कोण सांभाळील, ही ती ओळ. नातवाने सही करण्यापूर्वी त्यास विचारावे, "बाळा, तू पन्नाशीचा होशील तेव्हा हे असेल. तू कोठे असशील?" उत्तर मिळाले तर पाया खणावा. न मिळाले तर बांधकाम थांबवावे आणि वनखात्याच्या सल्ल्याने, नोंदीसह, ज्यांच्याकडे जागा आणि माणसे दोन्ही आहेत अशांकडे ते सोपवावे. त्यात कमीपणा नाही. मुलीस चांगले स्थळ पाहून देणारा बाप मुलीस टाकीत नसतो.

कासवाभोवती घातलेले एक कुंपण आपल्या कोकणातही आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ज्ञात असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ साली समुद्रकासवांच्या अंड्यांचे रक्षण आरंभिले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, तो बुजविते आणि समुद्रात परत जाते. ग्रामस्थ ती अंडी किनाऱ्यावरच्या जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात ठेवतात. सुमारे दोन महिन्यांत पिले वर आली की ती समुद्राच्या वाटेवर सोडतात. ते कुंपण उघडण्यासाठीच घातलेले असते.

आपल्या संतांनी कासवीच्या दृष्टीचा दृष्टान्त दिला आहे. कासवी पिलांस दूध पाजीत नाही, दूर राहून केवळ नजरेने त्यांचे पोषण करते, ही कल्पना मराठी मनास फार प्रिय आहे. ईश्वराच्या कृपेसाठी ती अगदी योग्य उपमा आहे. परंतु प्राण्याची रीत तशी नाही. अंडी घातल्यावर कासवी मागे वळून पाहत नाही आणि रानातल्या पिलास त्या नजरेची गरजही नसते. आपण त्यास उचलून परक्या मातीत आणतो, चार भिंतींत ठेवतो, तेव्हा मात्र ती गरज आपण निर्माण केलेली असते. उताणे पडले का, नाक वाहते का, नालीत पाणी तुंबले का, हे पाहणारी नजर रोज हवी. पाहणारा थकला की ती दुसऱ्याकडे गेली पाहिजे. बाईंच्या परसातल्या भिंतीस किती विटा लागतील हे गवंडी सांगेल. ती नजर घरात किती पिढ्या पुरेल, हे घरातल्यांनी सांगावयाचे आहे.